ब्रेट हार्ट आजही बघण्यासारखा आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने रेसलिंग मॅच बघायला आमच्याकडे कोथरूडला अधूनमधून मंडळी जमतात, त्यात चाळिशीतले लोक असतात आणि कॉलेजची पोरं पण, आणि ब्रेट हार्टचा विषय निघाला की फिरून फिरून तेच प्रश्न येतात, मग घरी गेल्यावर मेसेजवर परत तेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, नंबर दिलाय तिकडे जाऊन बघा.

१. दादा, ब्रेट हार्ट म्हणजे नक्की कोण? मी थेट रोमन रेन्सपासून बघायला लागलो.

कॅनडातल्या कॅल्गरीचा माणूस, जन्म २ जुलै १९५७, बारा भावंडांतला आठवा. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान होते आणि स्टॅम्पीड रेसलिंग नावाची कंपनी चालवायचे. ब्रेट १९८४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये आला (तेच आजचं डब्ल्यूडब्ल्यूई), आधी बहिणीचा नवरा जिम नाइडहार्टबरोबर हार्ट फाउंडेशन नावाची टॅग टीम (दोघांची जोडी), मग एकट्याने इंटरकॉन्टिनेंटल चॅम्पियन, आणि १२ ऑक्टोबर १९९२ ला रिक फ्लेअरला हरवून वर्ल्ड चॅम्पियन. त्या कंपनीत तो पट्टा त्याने पाच वेळा जिंकला. गुलाबी-काळा ड्रेस, ओले केस आणि तो गॉगल, जो रिंगमध्ये जायच्या आधी तो पहिल्या रांगेतल्या एखाद्या लहान पोराच्या डोळ्यावर चढवायचा. आणि हो, रोहित शर्माच्या आधीचा हिटमॅन हाच.

२. ट्रंप कार्ड खेळताना ब्रेट हार्ट हातात आला की आम्ही हरायचो. मग तो एवढा मोठा कसा काय?

हा प्रश्न पुण्यात सगळ्यात जास्त येतो, आणि मला तो फार आवडतो. कार्डावर काय असायचं? रँक, उंची, वजन, छाती, बायसेप. समोरच्याकडे योकोझुना किंवा अंडरटेकर निघाला की उंची बोला नाहीतर वजन बोला, ब्रेट गेलाच. त्याची उंची सहा फुटांच्या आसपास, वजन २३५ पौंड म्हणजे साधारण १०६ किलो, आणि योकोझुना पाचशे पौंडांच्या वर. वाड्याच्या पायरीवर बसून ही कार्डं खेळलेल्या आख्ख्या पिढीच्या डोक्यात ब्रेट म्हणजे 'मधलं कार्ड' हेच बसलं.

पण कार्डावर जे छापता येत नव्हतं तेच त्याचं खरं काम होतं. बलाढ्य माणसासमोर बारका माणूस पटेल अशा पद्धतीने कसा जिंकेल, हे त्याने त्या कंपनीत सगळ्यात वरच्या जागेवर बसून करून दाखवलं. हल्क हॉगनच्या काळात चॅम्पियन म्हणजे डोंगराएवढा माणूस असं समीकरण होतं, ते ब्रेटपासून बदललं. आज सेथ रॉलिन्स, सीएम पंक, डॅनियल ब्रायन या साइजचे लोक वर्ल्ड चॅम्पियन होतात आणि कोणाला काही वाटत नाही. तसं वाटू नये ही सवय लावणाऱ्यांत ब्रेटचं नाव फार वर आहे.

३. आमचे आजोबा तालमीतले. ते म्हणतात ही सगळी नूरा कुस्ती, यात कसलं कौतुक?

आजोबांचं चुकलेलं नाही, निकाल आधी ठरलेला असतो. पण नूरा आणि यात एक फरक आहे. नूरा कुस्तीत पैलवान प्रेक्षकाला फसवतो, काटा कुस्ती बघायला म्हणून बोलावतो आणि ठरवून सोडतो. इथे बघणाऱ्यालाही माहीत असतं की निकाल ठरलाय, तरी तो खुर्चीच्या कडेला येऊन बसतो, आणि तसं बसवणं हीच कला.

आणि आजोबांना हे जरूर सांगा की ब्रेट शाळेत असताना खरी ऍमॅच्युअर कुस्ती खेळलेला आहे. वडिलांच्या घराच्या तळघरात सरावाची खोली होती, तिला सगळे 'डंजन' म्हणायचे. पातळ मॅट, कमी उंचीचं छत, आणि स्टू हार्ट नव्या पोराला असा काही पिळायचे की ओरडणं वरच्या मजल्यावर ऐकू जायचं. आपल्याकडे गुळशे तालमीत किंवा चिंचेच्या तालमीत वस्ताद नव्या पोराची मस्ती पहिल्या आठवड्यात उतरवतो ना, तसलाच प्रकार, फक्त लाल माती नाही. खरं पकडणं काय असतं ते अंगावर घेतलेला माणूस खोटं पकडतो तेव्हा पण ते खरं वाटतं. मी तालमीत जाणाऱ्या लोकांना त्याचे मॅच दाखवलेत, ते उड्यांकडे बघत नाहीत, ते म्हणतात याचा हात बघ कुठे आहे, याचं वजन कुठे आहे.

४. आजच्या मॅचच्या मानाने त्याचे मॅच स्लो वाटतात. मलाच वाटतं का?

स्लो आहेतच. आजच्या एका मॅचमध्ये जेवढ्या मूव्ह होतात तेवढ्यात ब्रेटचे दोन-तीन मॅच निघतील. पण एकदा असं करून बघा, मूव्ह मोजू नका, कारण शोधा. ब्रेटने दहाव्या मिनिटाला पाठ धरली असेल तर विसाव्या मिनिटाला पण पाठच धरलेली असते, कारण शेवटी शार्पशूटर (त्याची हुकमी पकड, प्रश्न ५) लावायचाय आणि तो पाठीवर येतो. समोरच्याने त्याचा गुडघा दुखवला तर उरलेला सगळा मॅच तो लंगडतो, जिंकल्यावर पण लंगडतच बाहेर जातो. आज पाय मोडेपर्यंत मार खाल्लेला माणूस पुढच्या मिनिटाला दोरीवरून उडी मारतो आणि आपण टाळ्या वाजवतो, चालतं ते पण, पण मग पाय दुखला याला अर्थ काय राहिला?

एक गोष्ट मुद्दाम बघा. बहुतेक लोक कोपऱ्यात फेकल्यावर वळून पाठीने आपटतात. ब्रेट तसाच पळत जाऊन छातीने आपटायचा, सरळ, हात न लावता, आणि मग मागच्या मागे पडायचा. आवाज असा यायचा की पहिल्यांदा बघणारा दचकतोच. एवढ्या एका पडण्यात समोरच्या माणसाची ताकद दिसते, आणि ब्रेट हे समोरच्यासाठी करत होता. पोरांना दाखवताना मी इथे थांबवून मागे घेतो, कारण पहिल्या वेळी कोणाच्या लक्षातच येत नाही.

५. शार्पशूटर नक्की कसा लागतो? आणि तो ब्रेटनेच शोधला का?

नाही, शोधला नाही. जपानमध्ये रिकी चोशू तो आधीपासून लावायचा, स्टिंग पण वेगळ्या नावाने लावायचा. पण आपल्याकडे आणि जगभर तो ओळखला जातो ब्रेटमुळे.

समोरचा उताणा पडलेला. त्याच्या दोन पायांमध्ये आपला एक पाय टाकायचा, त्याचे पाय आपल्या पायाभोवती कैचीसारखे गुंडाळायचे, ते काखेत धरायचे आणि त्याला ओलांडून पालथा करायचा, मग खाली बसायचं. ताण कमरेवर आणि पायांवर येतो. घरी गादीवर भावावर करून बघू नका, कंबर आणि गुडघा दोन्ही नाजूक आहेत, हे मी मनापासून सांगतोय. रॉक पण हाच लावायचा, पण शेजारी-शेजारी ठेवून बघा, ब्रेट किती खाली बसतो आणि पाठ किती मागे नेतो. आजच्या रोस्टरमध्ये नटाल्या लावते, ती नाइडहार्टची मुलगी, म्हणजे ब्रेटची भाची, तिच्याकडे तो घरातूनच आलाय.

६. वेळ कमी आहे. सुरुवात कुठल्या मॅचपासून करू?

समरस्लॅम या मोठ्या शोमधला १९९१ चा, मिस्टर परफेक्टबरोबरचा. परफेक्टची पाठ तेव्हा खरोखर दुखावलेली होती, तरी बघताना कळत नाही. शेवट बघा, ब्रेट खाली पडलेला, परफेक्ट त्याच्या पोटाखाली लाथ आपटतोय, आणि ब्रेट पडल्या-पडल्याच तो पाय धरतो आणि तिथूनच शार्पशूटर लावतो.

त्यानंतर रेसलमेनिया (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) १० मधला भाऊ ओवनबरोबरचा, मार्च १९९४, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. थोरला भाऊ भांडायला तयार नाही, धाकटा मात्र पेटलेला, आणि धाकटा स्वच्छ जिंकतो. त्याच रात्री शेवटी ब्रेट योकोझुनाला हरवून वर्ल्ड चॅम्पियन होतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात, आणि ओवन लांब उभा राहून बघत असतो. भाऊबंदकी आपल्याला वेगळी समजवायला लागत नाही, त्यामुळे आमच्याकडे रेसलिंगचा गंध नसलेले लोक पण यात अडकतात.

आणि मग रेसलमेनिया १३, त्यासाठी खालचा प्रश्न ७. हे मॅच युट्यूबवर डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्वतःच्या चॅनेलवर शोधा, जुने पूर्ण मॅच ते टाकत असतात. भारतात एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर आहे.

७. रेसलमेनिया १३ च्या ऑस्टिनच्या मॅचचं एवढं काय?

२३ मार्च १९९७, शिकागोजवळ. समोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन, रेफ्री केन शॅमरॉक, नियम एकच, समोरच्याने हार मानली पाहिजे. मॅच सुरू होताना ब्रेट हिरो आणि ऑस्टिन व्हिलन. संपला तेव्हा उलटं.

आता बघा हे कसं झालं, कारण यात माइकवर कोणी एक वाक्य बोललेलं नाही. शार्पशूटर लागलाय, ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहतंय, दातांवर आलंय, तो हातांवर जोर देऊन वर उठतो, क्षणभर पकड सुटते असं वाटतं, ब्रेट परत खाली बसतो, आणि ऑस्टिन हार न मानता बेशुद्ध पडतो. शॅमरॉक मॅच थांबवतो. इथपर्यंत ब्रेटचं काही चुकलेलं नाही. पण घंटा झाल्यावर तो पडलेल्या माणसाला परत मारायला जातो, शॅमरॉक त्याला उचलून फेकतो, आणि तेवढ्यात सगळं स्टेडियम फिरतं. ऑस्टिन कोणाचा आधार न घेता लंगडत जातो आणि लोक त्याच्यासाठी ओरडतात. पुढे ऑस्टिनचा जो प्रचंड काळ आला त्याची सुरुवात या रात्रीत आहे. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला मोठं केलं, आणि त्यासाठी स्वतः शिव्या खाल्ल्या. २०२५ मध्ये हा मॅचच डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतला गेला. माझ्या मते ब्रेटबद्दल एकच पुरावा द्यायचा असेल तर हा द्यावा, मॉन्ट्रियल (प्रश्न ८) देऊ नये.

८. मॉन्ट्रियल स्क्रूजॉब खरा होता की तो पण ठरवलेला?

खरा. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज, मॉन्ट्रियल. ब्रेट चॅम्पियन, आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या स्पर्धक कंपनीत त्याचं जायचं ठरलेलं. समोरच्या शॉन मायकल्सने त्याच्यावर शार्पशूटर लावला, ब्रेटने हार मानलेली नसताना कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहनच्या सांगण्यावरून घंटा वाजली, रेफ्री अर्ल हेब्नर पळाला, ब्रेट विन्सच्या तोंडावर थुंकला आणि हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू लिहिलं. मायकल्सने बरीच वर्षं आपल्याला माहीत नव्हतं म्हणून सांगितलं आणि नंतर कबूल केलं. 'हे पण दोघांनी मिळून ठरवलं होतं' ही थिअरी मला पटत नाही, कारण त्या वेळी ब्रेटवर डॉक्युमेंटरी चालू होती आणि कॅमेरा त्याच्या मागे होता, आणि पुढची बारा वर्षं त्याने जे भोगलं ते कोणी नाटकासाठी भोगत नाही.

९. पण चूक कोणाची? जाताना हरून जायला काय हरकत होती?

यावर आमच्याकडे दरवेळी वादावादी होते. या धंद्यातली जुनी रीत अशी की कंपनी सोडताना हरून जायचं, मागे राहणाऱ्याला मोठं करायचं. विन्सची भीतीही अगदी हवेतली नव्हती, १९९५ च्या डिसेंबरमध्ये अलंड्रा ब्लेझने कंपनीचा महिला पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या शोमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकलेला होता.

दुसरी बाजू अशी की ब्रेटच्या करारात शेवटच्या दिवसांत आपल्या पात्राचं काय होणार यावर त्याला बोलायचा हक्क लिहून दिलेला होता. तो हरायला नाही म्हणत नव्हता, कॅनडात आणि मायकल्सकडून नको म्हणत होता. १९९६ मध्ये त्याच मायकल्सला त्याने तासाभराच्या आयर्न मॅन मॅचमध्ये पट्टा दिलेला होता. माझं मत स्पष्ट आहे, दिलेला शब्द आणि लिहिलेला कागद मालकाने मोडला. ब्रेट हट्टी होता, मान्य, पण हट्टी माणसाशी समोर बसून बोलता येतं.

१०. तो व्हिलन होता की हिरो? १९९७ चे एपिसोड बघून गोंधळ होतो.

गोंधळ व्हायलाच पाहिजे. प्रश्न ७ मधल्या रात्रीनंतर तो अमेरिकेत व्हिलन, आणि कॅनडात आणि युरोपात तोच हिरो, एकाच वेळी. अमेरिकेतल्या लोकांना तो तोंडावर सांगायचा की तुमची मूल्यं कुठे गेली. जुलै १९९७ चा कॅल्गरीचा शो बघा, लोक हार्ट घराण्यासाठी अक्षरशः छप्पर उडवतात आणि ऑस्टिनला शिव्या घालतात. त्याचं बोलणं दोन्हीकडे तेच, फक्त बॉर्डर बदलली की अर्थ बदलतो.

११. त्याच्या काळात धंदा बसला होता म्हणतात. मग स्टार कसला?

अमेरिकेत तिकीट आणि टीव्हीच्या हिशोबात तो हॉगन किंवा ऑस्टिन नव्हता, हे झाकायचं कारण नाही. पण त्याला चॅम्पियन केलं तो काळ बघा, स्टिरॉइड प्रकरण चालू, १९९४ मध्ये विन्सवर खटला (त्यातून तो सुटला), मोठे मोठे स्टार डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघालेले. पडझडीत ज्याने घर सावरून धरलं त्याला दुकान कमी चाललं म्हणून बोल लावणं मला योग्य वाटत नाही. आणि बाहेरच्या देशांत त्याची ओढ जबरदस्त होती, १९९२ ला लंडनच्या वेम्बलीत जवळपास ८० हजार लोकांसमोर शेवटचा मॅच त्याचा आणि ब्रिटिश बुलडॉगचा होता, तो पण बहिणीचा नवरा.

१२. आमच्या वयाच्या पोरांना तो माहीतच नाही. असं का झालं?

आपल्याकडचं गणित सोपं आहे. त्याचा बहर १९९१ ते १९९७, तेव्हा पेठांमध्ये केबल नुकती पोचत होती, ज्याच्याकडे होती त्याच्याकडे अख्खी आळी. २००२ मध्ये टेन स्पोर्ट्स आलं आणि रेसलिंग खऱ्या अर्थाने घराघरात गेलं, तोवर ब्रेट संपलेला होता. त्या पिढीचे हिरो अंडरटेकर, रॉक, सीना, आणि २००६ पासून आपला खली. शिवाय भांडणामुळे बरीच वर्षं कंपनी त्याचं नाव प्रेमाने घेत नव्हती. म्हणजे एका पिढीने कार्ड बघितलं, दुसरीने काहीच नाही, आणि आता तिसरी सीएम पंक आणि एफटीआर ही टॅग टीम यांच्या तोंडून नाव ऐकून मागे जाऊन बघतेय. या तिसऱ्या पिढीकडे मला जास्त आशा आहे, कारण ती आठवणीसाठी बघत नाही, काम बघते.

१३. ओवनचं काय झालं? पोरांना सांगावं का?

२३ मे १९९९, कॅन्सस सिटी. एंट्रीसाठी छतावरून दोराने खाली सोडत असताना हुक सुटला आणि ओवन रिंगमध्ये पडून गेला. ३४ वर्षांचा होता. शो चालूच ठेवला, हे मला आजही पचत नाही. पोरांना सांगा, लपवू नका, 'सगळं खोटं असतं' म्हणणाऱ्याला हे कळायलाच हवं. त्याच्या पत्नी मार्था यांनी डब्ल्यूडब्ल्यूईला नाव वापरू दिलेलं नाही, २०२२ पासून एईडब्ल्यू या दुसऱ्या रेसलिंग कंपनीत त्याच्या नावाने स्पर्धा होते.

१४. ब्रेट अजून गोल्डबर्गबद्दल एवढं कडू का बोलतो? फॅन म्हणून नको वाटतं.

डिसेंबर १९९९, डब्ल्यूसीडब्ल्यूचा स्टारकेड शो. तिथला पैलवान गोल्डबर्गची लाथ डोक्याला बसली, मेंदूला मार लागला, त्या काळी अशा माराचं गांभीर्य नव्हतं म्हणून तो पुढेही काही आठवडे खेळला आणि २००० मध्ये करिअर संपलं. २००२ ला सायकलवरून पडला आणि स्ट्रोक आला, परत चालायला शिकावं लागलं.

आता यात ब्रेटची बाजू समजून घ्या. आपल्या हातून समोरच्याला कधी गंभीर दुखापत झाली नाही, ही त्याची सगळ्यात मोठी अभिमानाची गोष्ट आहे, पट्ट्यांपेक्षा मोठी. तो इतकं खरं मारतोय असं वाटायचं, आणि समोरचा रात्री धड घरी जायचा. त्याच माणसाचं करिअर दुसऱ्याच्या निष्काळजी लाथेने संपलं. कडवटपणा कुठून येतो ते यात आहे. तरी मुलाखतीत तो कधीकधी ताणतो हे मलाही खटकतं, विशेषतः फ्लेअरबद्दल बोलताना, फ्लेअरचं मोठेपण त्याने मान्य केलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मुलाखती वेगळ्या आणि मॅच वेगळे ठेवा.

१५. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला दाखवू का?

दाखवा. वेम्बली १९९२ (प्रश्न ११) आणि ओवनबरोबरचा मॅच (प्रश्न ६) दोन्ही चालतील. रेसलमेनिया १३ मध्ये रक्त भरपूर आहे, तो अजून चार-पाच वर्षं थांबवा.

१६. २०१० मध्ये तो परत आला, विन्सबरोबर रेसलमेनिया २६ मध्ये मॅच पण झाला. तो धरायचा का?

मॅच म्हणून नका धरू. स्ट्रोकनंतर त्याला पडता येत नव्हतं, त्यामुळे तो विन्सला नुसता चोपण्याचा कार्यक्रम आहे, आणि लांबलाय. नवीन माणसाने तो पहिला बघितला तर ब्रेटबद्दल उगाच चुकीचं मत होईल.

त्याच्या आधीचा ४ जानेवारी २०१० चा रॉ (कंपनीचा दर आठवड्याचा शो) मात्र जरूर बघा. ब्रेट शॉन मायकल्सला रिंगमध्ये बोलावतो, दोघं मॉन्ट्रियलबद्दल समोरासमोर बोलतात, हात मिळवतात, ब्रेट जायला निघतो. मायकल्स आपल्या नेहमीच्या सुपरकिकच्या तयारीत पाय आपटायला लागल्यासारखा दिसतो, लोकांचा श्वास अडकतो, आणि मग दोघं मिठी मारतात. पुढे दोघांनीही सांगितलंय की ते मनापासून होतं. प्रश्न ८ आणि ९ वाचल्याशिवाय बघू नका, नाहीतर दोन म्हातारे होत आलेले लोक गळ्यात पडतायत एवढंच दिसेल.